‘अ‍ॅस्पर्जर’ हे नाव पुस्तकातून गेलं, पण ऑटिझममधली उतरंड का गेली नाही?

मे २०२१. अमेरिकेतल्या ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या प्रसिद्ध कॉमेडी शोचं सूत्रसंचालन करायला इलॉन मस्क आले. सुरुवातीच्या भाषणातच त्यांनी सांगून टाकलं की, अ‍ॅस्पर्जर असलेला या शोचा मी पहिलाच सूत्रसंचालक आहे, निदान तसं कबूल करणारा तरी पहिलाच. टाळ्या पडल्या, सोशल मीडियावर क्लिप फिरली.

त्यानंतर लोकांनी दोन गोष्टी लक्षात आणून दिल्या. एक, मस्क पहिले नव्हते. याच शोचे जुने कलाकार डॅन अ‍ॅक्रॉइड यांनी स्वतःच्या अ‍ॅस्पर्जरबद्दल आधीच जाहीरपणे सांगितलं होतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्या निदानाचं नाव मस्क घेत होते ते अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या अधिकृत पुस्तकातून आठ वर्षांपूर्वी, २०१३ मध्येच काढून टाकलेलं होतं.

मग प्रश्न असा की, पुस्तकातून गेलेलं नाव लोकांना इतकं हवंहवंसं का वाटतं? ‘मला ऑटिझम आहे’ असं न म्हणता ‘मला अ‍ॅस्पर्जर आहे’ असं म्हटल्याने नेमका काय फरक पडतो?

फरक पडतो. समाजाच्या नजरेत तर पडतोच, पण ऑटिस्टिक लोकांच्या आपसातही पडतो. तिथेही वर कोण, खाली कोण, ‘खरा’ कोण आणि ‘नावापुरता’ कोण, अशी एक उतरंड आहे. ती कुठून आली आणि तिची किंमत कोण मोजतं, ते समजून घेऊ.

आधी थोडक्यात: ऑटिझम म्हणजे काय?

मराठीत याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. हा आजार नाही, मेंदूच्या जडणघडणीतला जन्मापासूनचा फरक आहे. इतरांशी संवाद साधण्याची पद्धत वेगळी असते, आवाज, प्रकाश, स्पर्श जास्त किंवा कमी जाणवतात, ठरलेला दिनक्रम मोडला की प्रचंड त्रास होतो, एखाद्या विषयात मन पूर्ण गुंततं. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी न थांबता बोलतं. कुणाला आयुष्यभर चोवीस तास सोबत लागते, कुणी नोकरी करून घर चालवतं. म्हणूनच ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द आला.

गडबड अशी झाली की, स्पेक्ट्रम म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक सरळ रेघ येते. एका टोकाला ‘थोडासा ऑटिस्टिक’, दुसऱ्या टोकाला ‘खूप ऑटिस्टिक’. प्रत्यक्षात एकाच माणसाला बोलणं सोपं जात असेल, पण भाजी मंडईच्या गोंगाटात पाच मिनिटं उभं राहणं अशक्य असेल. दुसरा बोलत नसेल, पण गर्दीत निवांत असेल. यांना एका रेघेवर कुठे ठेवणार?

तरीही ठेवलं गेलं. आणि त्याची सुरुवात फार जुनी आहे.

एक रेघ, दोन डॉक्टर

शाळेच्या गोष्टीसारखा सांगितला जाणारा इतिहास असा. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचं वर्णन करणारा शोधनिबंध लिहिला. १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी चार मुलग्यांवर लिहिलं. कॅनर यांच्या वर्णनातून लोकांनी ‘गंभीर’ ऑटिझमचं चित्र घेतलं, अ‍ॅस्पर्जर यांच्या वर्णनातून ‘छोटे प्रोफेसर’ असं बोलकं, हुशार चित्र घेतलं.

या गोष्टीत एक नाव नेहमी गळतं. ग्रुन्या सुखारेवा. मॉस्कोतल्या या डॉक्टर बाईंनी १९२५ मध्येच, म्हणजे या दोघांच्या जवळजवळ वीस वर्षं आधी, सहा मुलग्यांचं जे वर्णन रशियन भाषेत छापलं ते आजच्या ऑटिझमच्या व्याख्येच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ जातं. पुढच्याच वर्षी ते जर्मनमध्येही आलं. पण सिंड्रोमला नाव मिळालं ते अ‍ॅस्पर्जर यांचं.

ते मिळवून दिलं लोर्ना विंग यांनी. लंडनच्या या मानसोपचारतज्ज्ञ स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या आई होत्या. १९८१ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’ हा शब्दप्रयोग रूढ करणारा लेख लिहिला. मूळ जर्मन नावात ‘सायकोपथी’ असा शब्द होता. तो ऐकून लोकांना गुन्हेगार आठवला असता, म्हणून त्यांनी डॉक्टरांचंच नाव वापरलं. शिवाय एक व्यवहारी कारणही होतं. अडखळत वागणाऱ्या पण भरपूर बोलणाऱ्या मुलाच्या पालकांना ‘ऑटिझम’ शब्द पटायचाच नाही, कारण तो शब्द म्हणजे कोपऱ्यात बसलेलं मुकं मूल, असं चित्र पक्कं होतं. नवं नाव पटकन स्वीकारलं जायचं.

विंग यांचा हेतू चांगलाच होता. ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं अशा लोकांपर्यंत मदत पोहोचावी, इतकंच त्यांना हवं होतं. गंमत म्हणजे स्पेक्ट्रमची कल्पना रुजवण्यातही त्यांचाच मोठा वाटा. पण ‘ऑटिझमपेक्षा ऐकायला बरं’ ही या नावाची ओळख पहिल्या दिवसापासून त्याच्यासोबत आली.

नावाचा बिल्ला झाला

१९९४ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदान-पुस्तकाच्या चौथ्या आवृत्तीत अ‍ॅस्पर्जरला स्वतंत्र जागा मिळाली. अट साधारण अशी होती: लहानपणी बोलायला लक्षणीय उशीर झालेला नसावा आणि बुद्ध्यांक सर्वसाधारण असावा. म्हणजे दोन माणसं आज अगदी सारखी वागत असली तरी एक जण दोन वर्षांचा असताना बोलला आणि दुसरा साडेतीन वर्षांचा असताना, म्हणून दोघांची निदानं वेगळी.

याच दशकात इंटरनेट आलं. समोरासमोर बोलणं ज्यांना जड जायचं, त्यांना लिहून बोलायची जागा मिळाली. आयुष्यभर ‘विचित्र’, ‘आगाऊ’, ‘एकलकोंडा’ अशी लेबलं लावून घेतलेल्या लोकांना कळलं की, आपल्यासारखे आणखी आहेत. १९९९ मध्ये लिआन हॉलिडे विली या लेखिकेने आपल्या आत्मकथनात ‘अ‍ॅस्पी’ हा लाडाचा शब्द वापरला आणि तो जगभर पसरला. २००४ मध्ये ‘अ‍ॅस्पीज फॉर फ्रीडम’ हा गट उभा राहिला. १८ जूनला साजरा होणारा ‘ऑटिस्टिक प्राइड डे’ याच गटाने २००५ मध्ये सुरू केला.

यातला आनंद खरा होता, तो नाकारायचं कारण नाही. वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा ‘तुझ्यात काही बिघडलेलं नाही’ असं ऐकायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. ग्रेटा थुनबर्गने २०१९ मध्ये आपलं वेगळेपण सुपरपॉवर असल्याचं लिहिलं, तेव्हा कित्येक किशोरवयीन मुलांना धीर आला.

पण अभिमानासोबत तुलनाही आली. ‘आम्ही तसले नाही.’ आम्ही म्हणजे कोडिंग करणारे, गणितात डोकं चालणारे, थोडे हटके. आणि तसले म्हणजे न बोलणारे, हात फडफडवणारे, डायपर लागणारे. काहींनी तर अ‍ॅस्पी म्हणजे मानवी उत्क्रांतीची पुढची पायरी, असंही म्हणायला सुरुवात केली. ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनीच या वृत्तीला ‘अ‍ॅस्पी वर्चस्ववाद’ असं नाव दिलं आणि तिच्यावर कडाडून टीका केली.

सिनेमाने यात तेल ओतलं. १९८८ च्या ‘रेन मॅन’ने ऑटिझम म्हणजे अफाट स्मरणशक्ती हे समीकरण जगाच्या डोक्यात बसवलं. आपल्याकडे २०१० मध्ये ‘माय नेम इज खान’मधून शाहरुखचा रिझवान आला. अ‍ॅस्पर्जर हा शब्द लाखो भारतीयांनी पहिल्यांदा तिथेच ऐकला. रिझवान निरागस आहे, कुठलंही यंत्र दुरुस्त करतो, त्याच्यावर कुणाचंही प्रेम जडेल. न बोलणारा, स्वतःला मारून घेणारा, रात्ररात्र न झोपणारा तरुण नायक म्हणून कुणाला सुचला नसता.

२०१३: बिल्ला काढून घेतला

डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत अ‍ॅस्पर्जर, ऑटिस्टिक डिसऑर्डर आणि इतर काही उपप्रकार एकत्र करून ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ असं एकच निदान ठेवण्यात आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही तेच झालं. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

हे का केलं? कारण उपप्रकार टिकतच नव्हते. कॅथरीन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या १२ विद्यापीठ केंद्रांमधली दोन हजारांहून जास्त मुलं आणि तरुण तपासले. त्यांना आढळलं की, कुणाला अ‍ॅस्पर्जर म्हणायचं आणि कुणाला ऑटिझम, हे त्या मुलाच्या लक्षणांपेक्षा ते कोणत्या केंद्रात गेलं यावर जास्त अवलंबून होतं. सोप्या भाषेत, डॉक्टर बदलला की निदान बदलायचं. ज्या फरकावर लोकांनी आपली ओळख उभी केली होती, तो फरक मोजायला नीट फूटपट्टीच नव्हती.

निर्णयाआधी मोठं वादळ झालं. काहींची भीती रास्त होती: नव्या निकषांत आपण बसलो नाही तर मिळणारी मदत बंद होईल. (आधीचं पक्कं निदान असलेल्यांना नव्या निदानात सामावून घ्यावं, अशी टीप म्हणूनच नव्या आवृत्तीत आहे.) पण काहींची हरकत वेगळीच होती. अ‍ॅस्पर्जर असलेल्यांच्या एका अमेरिकी संघटनेच्या प्रमुखांनी २०१० मध्ये रेडिओवर बोलताना उघडच सांगितलं की, प्रौढ वयात डायपर घालावा लागणाऱ्या माणसाच्या आणि आपल्या ओळखीला एकच नाव मिळावं, हे पचायला जड आहे.

हे वाक्य पुढे वर्षानुवर्षं गाजलं. राग येण्यासारखं आहेच, पण निदान प्रामाणिक होतं. इतर अनेक जण तेच सभ्य शब्दांत म्हणत होते.

दुसरीकडे ऑटिस्टिक लोकांनीच चालवलेल्या ‘ऑटिस्टिक सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्क’सारख्या संघटनेने एकत्रीकरणाला पाठिंबा दिला. कायद्याने मिळणारं संरक्षण सगळ्यांना सारखं हवं असेल तर नावही एकच हवं, असं त्यांचं म्हणणं.

व्हिएन्नाची कागदपत्रं

२०१८ मध्ये आणखी एक धक्का बसला. ऑस्ट्रियन इतिहासकार हेरविग चेख यांनी व्हिएन्नाच्या दफ्तरखान्यातली कागदपत्रं तपासून दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकी इतिहासकार एडिथ शेफर यांचं ‘अ‍ॅस्पर्जर्स चिल्ड्रन’ हे पुस्तक आलं. नाझींपासून मुलांना वाचवणारा भला डॉक्टर, अशी अ‍ॅस्पर्जर यांची प्रतिमा तोवर होती. या दोघांनी दाखवलं की, ते नाझी व्यवस्थेशी जुळवून घेऊन वर चढले आणि त्यांनी काही मुलांना ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत पाठवलं.

या संस्थेत १९४० ते १९४५ या काळात ७८९ मुलांचे मृत्यू झाले. ‘जगण्यास अपात्र’ ठरवलेल्या अपंग मुलांना मारण्याच्या नाझी कार्यक्रमाचं ते एक केंद्र होतं. अ‍ॅस्पर्जर यांनी शिफारस केलेल्या दोन लहान मुलीही तिथे दगावल्या. त्यातली एक जेमतेम तीन वर्षांची. ती घरी आईवर असह्य ओझं असेल, असा शेरा त्यांच्या हातचा आहे. तिथे मुलं मारली जातात हे त्यांना माहीत होतं का, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. या मुली ऑटिस्टिक होत्या असंही नाही.

मग हा इतिहास आपल्या विषयाशी कसा जोडलेला? ज्या शहरात, ज्या काळात ‘छोटे प्रोफेसर’ शोधले जात होते, तिथेच मुलांची वर्गवारी ‘समाजाच्या उपयोगाची’ आणि ‘बिनकामाची’ अशी केली जात होती. अ‍ॅस्पर्जर आपल्या काही मुलांबद्दल आग्रहाने सांगत होते की, हे पुढे समाजाच्या कामी येतील. ज्यांच्याबद्दल तसं सांगता येत नव्हतं, त्यांच्यासाठी दुसरी फाइल होती. अनेक ऑटिस्टिक लोकांनी २०१८ नंतर ‘अ‍ॅस्पी’ शब्द सोडला तो या कारणाने. काहींनी मात्र ठेवला. माझं निदान याच नावाने झालं, यावर माझं आयुष्य उभं आहे, ते मी का सोडू, असा त्यांचा सवाल आहे, आणि तोही उडवून लावण्यासारखा नाही.

वरच्याचंही नुकसान, खालच्याचंही

अधिकृत पुस्तकात कधीच नसलेली आणखी एक जोडी मात्र सगळीकडे वापरात आहे: ‘हाय फंक्शनिंग’ आणि ‘लो फंक्शनिंग’. ऑटिस्टिक लोकांमध्ये याबद्दल एक निरीक्षण फार जुनं आहे. हाय म्हटलं की तुमच्या अडचणी कुणाला दिसत नाहीत, लो म्हटलं की तुमच्या क्षमता कुणाला दिसत नाहीत.

हे नुसतं चमकदार वाक्य नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २,२२५ मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास केला. ‘हाय फंक्शनिंग’ ठरवलं जातं ते बुद्ध्यांकावरून. पण बुद्ध्यांक चांगला असलेल्या मुलांचीही रोजच्या जगण्यातली कौशल्यं, म्हणजे कपडे घालणं, वेळ सांभाळणं, लोकांशी व्यवहार करणं, बुद्ध्यांकाच्या मानाने खूपच मागे होती. संशोधकांनी सरळ म्हटलं की, हा शब्दच दिशाभूल करणारा आहे, तो सोडून द्या.

आता याची किंमत बघा. स्वीडनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७ हजारांहून अधिक ऑटिस्टिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांच्यात अकाली मृत्यूचं प्रमाण इतरांच्या अडीच पट होतं. ज्यांना बौद्धिक अक्षमताही होती आणि त्या काळात ज्यांचा मृत्यू झाला, त्यांचं मृत्यूसमयीचं सरासरी वय चाळिशीच्याही आत होतं. ज्यांना ती नव्हती, म्हणजे रूढ भाषेत ‘हाय फंक्शनिंग’, त्यांचं ५८. पण याच दुसऱ्या गटात आत्महत्येचा धोका सर्वसामान्यांच्या नऊ पटींहून जास्त आढळला.

उतरंडीच्या वरच्या मडक्यातल्यांना काय मिळालं, ते या एका आकड्यात आहे. ‘तुला काय होतंय, तू तर व्यवस्थित बोलतोस’ हे ऐकत ऐकत ही माणसं दिवसभर ‘नॉर्मल’ दिसण्याची कसरत करतात. इंग्रजीत याला मास्किंग म्हणतात, आपण मुखवटा म्हणू. मदत मागायला गेलं तर मुखवटाच पुरावा म्हणून दाखवला जातो.

खालच्या मडक्यातल्यांचं नुकसान वेगळं आहे. मेल बॅग्ज या अमेरिकी ऑटिस्टिक व्यक्तीने २००७ मध्ये एक व्हिडिओ टाकला होता. पहिल्या भागात शब्द नाहीत. नुसती गुणगुण, हात हलवणं, पाण्याच्या धारेशी खेळणं. दुसऱ्या भागात कीबोर्डवर टाइप केलेला मजकूर संगणक वाचून दाखवतो आणि सांगतो की, हीच माझी भाषा आहे, मी भोवतालाशी सतत संवाद करते आहे, पण तुमच्या भाषेत बोलेपर्यंत तुम्ही मला माणूस समजत नाही. हा व्हिडिओ जगभर गाजला. लगोलग शंकाही आल्या: इतकं चांगलं लिहिणारी व्यक्ती खरंच ‘लो फंक्शनिंग’ आहे का? म्हणजे बोललात तर तुम्ही त्यातले नाही, आणि नाही बोललात तर तुमचं कोण ऐकणार? बॅग्ज यांनी आयुष्यभर या उतरंडीविरुद्ध लिहिलं. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं.

आणि लेबल कायमचं असतं का? पशुविज्ञानाच्या प्राध्यापक टेंपल ग्रँडिन आज जगातल्या सर्वांत प्रसिद्ध ऑटिस्टिक व्यक्तींपैकी एक आहेत. त्या साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या आणि त्यांना संस्थेत ठेवण्याचा सल्ला दिला गेला होता. दोन वर्षांच्या टेंपलला कुठल्या मडक्यात टाकलं असतं, हे सांगायला नको. अर्थात, प्रत्येक न बोलणारं मूल पुढे प्राध्यापक होत नाही, आणि झालं नाही म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. ग्रँडिन यांचं उदाहरण देणारे हा दुसरा भाग बऱ्याचदा गाळतात.

जुनी उतरंड, नवी नावं

अ‍ॅस्पर्जर गेलं आणि त्याच्या जागी लेव्हल आल्या. डीएसएम-५ मध्ये तीन स्तर आहेत: लेव्हल १ म्हणजे मदतीची गरज, लेव्हल २ म्हणजे बरीच मदत, लेव्हल ३ म्हणजे खूपच जास्त मदत. हेतू असा होता की, माणसाऐवजी त्याला लागणारी मदत मोजावी. झालं काय, तर इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये ‘अ‍ॅस्पी’च्या जागी ‘लेव्हल १’ आलं. ‘माझा मुलगा लेव्हल १ च आहे’ यातला तो ‘च’ सगळं सांगून जातो.

उलट्या दिशेनेही उतरंड चालते, हे विसरून चालणार नाही. सोशल मीडियावर ऑटिझमबद्दल रील करणाऱ्या बोलक्या तरुणांना ‘तुम्ही खरे ऑटिस्टिक नाहीच’ असं ऐकवणारे खूप आहेत. डॉक्टरांचं निदान असलेले स्वतःच स्वतःला ओळखलेल्यांकडे संशयाने बघतात, लहानपणी निदान झालेले तिशीत निदान झालेल्यांकडे. मोठ्यांचं निदान करणारे तज्ज्ञ मुळातच कमी आणि फी परवडणारी नाही, तिथे कागद नसणं म्हणजे खोटं असणं, असा नियम लावता येत नाही. मुलींच्या बाबतीत तर ऑटिझम ओळखूच न येण्याचं प्रमाण जास्त.

सध्या सगळ्यात धगधगता वाद आहे तो ‘प्रोफाउंड ऑटिझम’ या शब्दाचा. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हा शब्द सुचवला. वय किमान ८ वर्षं, चोवीस तास मोठ्या माणसाची सोबत लागणारे, आणि बुद्ध्यांक ५० च्या खाली किंवा बोलणं अगदी मर्यादित असलेले, अशी त्याची साधारण व्याख्या. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या आकडेवारीनुसार, ऑटिझम असलेल्या ८ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के या व्याख्येत बसतात.

या शब्दाच्या बाजूने मुख्यतः पालक आहेत. त्यांचं म्हणणं ऐकायला हवं. मोठा झालेला, अंगाने ताकदवान, न बोलणारा मुलगा भिंतीवर डोकं आपटतो तेव्हा त्याला धरून ठेवणाऱ्या आईला ‘ऑटिझम म्हणजे सुपरपॉवर’ हे पोस्टर कसं वाटत असेल? संशोधनात घेतले जातात ते बहुतेक बोलणारे लोक, चर्चेला बोलावले जातात ते बोलणारे, मालिकांमध्ये दिसतात ते बोलणारे. सगळ्यांना एका छत्रीखाली आणल्यावर आमचं मूल दिसेनासं झालं, ही त्यांची तक्रार आहे.

विरोधकांचं म्हणणं असं की, वेगळं नाव दिलं की वेगळ्या वस्तीत पाठवणं सोपं होतं. ज्यांच्यावर ‘प्रोफाउंड’ शिक्का बसेल त्यांना संवादाची साधनं, शिक्षण, स्वतःचं मत असण्याचा हक्क कुणी देणार नाही.

माझ्या मते दोघंही एकाच भोकाकडे बोट दाखवत आहेत. पैसा आणि मनुष्यबळ तुटपुंजं असलं की, ‘कोण जास्त गरजू’ हे सिद्ध करण्याची शर्यत लागते. त्या शर्यतीत लेबल हे तिकीट होतं. पण तिकीट फाडून टाकल्याने रांग कमी होत नाही, हेही खरं. म्हणून पालकांच्या मागणीला नुसतं ‘भेदभाव’ म्हणून झटकणं मला पटत नाही.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे मुळात शब्दापासूनच प्रश्न आहे. ‘स्वमग्न’ म्हणजे स्वतःतच रमलेला. ऐकायला काव्यात्म, पण त्यात ‘याला इतरांचं काही पडलेलं नाही’ असा अर्थ डोकावतो, आणि तो चुकीचा आहे. अनेक ऑटिस्टिक लोकांना इतरांचं दुःख जास्तच लागतं, दाखवता येत नाही इतकंच. शब्द मात्र आता सरकारी कागदांपासून बातम्यांपर्यंत रुळला आहे. त्याशेजारी जुना ‘मतिमंद’ आणि त्याचं सौम्य रूप ‘गतिमंद’ हेही आहेतच. ‘आमचा स्वमग्न आहे, मतिमंद नाही’ हे वाक्य कुठल्याही थेरपी सेंटरच्या बाकावर ऐकू येईल. त्यात माहिती आहे, पण शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईला ते कसं लागत असेल, याचा विचार नाही.

कायद्यात ऑटिझमला आधी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जागा दिली आणि मग २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांच्या यादीत घेतलं. प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली असेल तर ऑटिझम नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र.

इथे गंमत उलटी होते. नातेवाइकांत, सोसायटीत, शाळेच्या प्रवेशाला पालक म्हणतात ‘अगदी माइल्ड आहे हो’. आणि प्रमाणपत्राच्या खोलीत त्याच पालकांना मुलाला काय काय जमत नाही याची यादी वाचावी लागते, तीही बहुधा मुलासमोर. कारण आरक्षणासारखे लाभ ४० टक्के दिव्यांगत्वाला सुरू होतात. जुन्या करप्रणालीत आयकराची वजावट ४० टक्क्यांना ७५ हजार आणि ८० टक्क्यांना सव्वा लाख रुपये आहे. आकडा वर गेला तर मदत, खाली आला तर इज्जत. एकाच घरात दोन्ही हवं असतं.

नोकरीतल्या आरक्षणाचंही बघा. केंद्राच्या कायद्यानुसार दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा आहेत. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे. स्पर्धा परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास बसू शकणाराच त्यापर्यंत पोहोचणार, हे उघड आहे. उतरंडीच्या तळाशी असलेल्यांना हा दरवाजा कागदावरच उघडा आहे.

त्यांच्यासाठी दुसरा कागद जास्त महत्त्वाचा ठरतो. मूल १८ वर्षांचं झालं की, राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती त्याला कायदेशीर पालक नेमून देऊ शकते. बँक खातं, मालमत्ता, उपचार यांसाठी अनेक कुटुंबांना ते लागतंच. पण त्यासोबत त्या सज्ञान माणसाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार दुसऱ्याकडे जातो. २०१६ च्या कायद्याने यावर मध्यममार्ग काढला आहे: मर्यादित पालकत्व, म्हणजे विशिष्ट निर्णयापुरता, विशिष्ट काळापुरता आधार, आणि तोही त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. समितीपुढे अर्ज करताना कोणत्या निर्णयासाठी किती मदत लागते हे वेगवेगळं मांडायला पालकांना मुभा आहे. पैशाचे व्यवहार दुसऱ्याने बघावेत, पण सकाळी काय खायचं, कोणासोबत राहायचं, कोणता शर्ट घालायचा नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं, मग ते बोलून सांगो, चित्राच्या कार्डावर बोट ठेवून सांगो, किंवा शर्ट काढून फेकून.